भाऊसाहेबांचा सुंदर पॉईंट

मामाच्या घरात द्राक्षं कलमांवरून ओळखली जात. "ती तीनशे दोनची पेटी आहे, आत्ताच आली, हात लावू नका. आधी तीनशे सव्वीसची संपवा, मऊ पडायला लागलीत," असं मामी स्वयंपाकघरातून सांगे आणि त्यात वावगं काही आहे असं आम्हाला वाटत नसे. मामा फौजदारी वकील होता; कोर्टात सगळे त्याला भाऊसाहेब म्हणत. नाशिकला शरणपूर रोडवर घर, कोर्टापासून चालत दहा मिनिटांवर. हंगाम सुरू झाला की निफाडकडचे पक्षकार पेट्या घेऊन येत. खुनातून सुटलेला माणूस सगळ्यांत चांगला माल आणी, मारामारीतला मध्यम, आणि चोरीतला बहुधा काहीच आणत नसे. मामीचा एक नियम होता. केस जिंकलेल्याचं फळ घरात ठेवायचं, हरलेल्याचं भांडी घासणाऱ्या बाईला द्यायचं, आणि ज्याचा निकाल लागायचा आहे त्याचं पाहुण्यांपुढे ठेवायचं. मार्च महिन्यात त्या घरात पाऊल टाकलं की आंबत चाललेल्या द्राक्षांचा आणि कार्बन पेपरचा असा एक मिश्र वास येई. तो वास मी कुठेही ओळखेन. द्राक्षं मात्र मी पुढे खाल्ली नाहीत. डॉक्टरांना वाटतं, साखरेमुळे.

माझे वडील सिन्नरला शिक्षक होते. कॉलेजसाठी त्यांनी मला मामाकडे ठेवलं आणि जाताना माझं टायपिंगचं सर्टिफिकेट मामाला दाखवलं. तिथे त्यांची चूक झाली. मामाचा टायपिस्ट त्याच महिन्यात सरकारी नोकरीत गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसातल्या कॅलेंडरखालच्या मशीनवर बसले आणि पुढची साडेतीन वर्षं तिथेच बसले. मामा डोळे मिटून, हात पाठीशी बांधून, येरझाऱ्या घालत इंग्रजीत मजकूर सांगे. त्याच्या अर्जांतला आरोपी नेहमी अत्यंत नम्र असे. अर्ज सुरू व्हायचा तोच 'अत्यंत नम्रपणे आणि आदरपूर्वक' असा. आरोपी तेव्हा व्हरांड्यात चपला काढून विडी ओढत बसलेला असे. शिवाय प्रत्येक जण घरातला एकटा कमावता असे. वीस वर्षांचा, बिनलग्नाचा, बापाच्या जिवावर बुलेट उडवणारा पोरगाही माझ्या मशीनमधून बाहेर पडताना घरातला एकटा कमावता होऊन पडे. सुरुवातीला मी एकदा विचारलं होतं. मामा म्हणाला, "कुंदे, ते वाचत कोणी नाही. पण नसलं तर विचारतात, का नाही."

त्या सुमारास फौजदारीचा नवा कोड आला होता. लोक नव्या जावयाचं कौतुक करतात तसं मामा त्या जाड पुस्तकाचं करी. जेवताना ते ताटाशेजारी असे आणि दोनशे सत्तावीस कलमावर आमटीचा डाग पडला होता. त्या कलमात सांगितलं होतं की खटला सुरू होण्याआधीच न्यायाधीशांनी पोलिसांचे कागद पाहावेत, आणि आरोप ठेवण्यासारखं काही नसेल तर माणसाला तिथूनच मोकळं करावं. वकिलांच्या बोलण्यात याला डिस्चार्ज म्हणत. गोष्ट शहाणपणाची होती. मामाला मात्र त्यात शहाणपणापेक्षा मोठं काहीतरी दिसत होतं. साक्षीदार तपासून, उलटतपासणी घेऊन खटला जिंकणं हे त्याच्या मते गवंडीकाम. खटला उभाच राहू द्यायचा नाही, ही कला. असल्या मुद्द्याला तो 'पॉईंट' म्हणे, आणि पॉईंट चांगला असला की 'सुंदर पॉईंट'. मामीच्या कुठल्या साडीला त्यानं कधी सुंदर म्हटल्याचं मला आठवत नाही.

त्याला हवा तसा पॉईंट घेऊन एका गुरुवारी अनुसयाबाई आली. नाशिकमध्येच एका वस्तीत राहणारी, घरी विड्या वळणारी, तिशी ओलांडलेली बाई. बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी झालेली. तिचा धाकटा भाऊ शांताराम निफाडकडच्या एका गावी शाळेत शिपाई होता. गावात पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून एकाच भावकीतल्या दोन घरांत मारामारी झाली आणि एक माणूस मेला. पोलिसांनी अकरा जणांना धरलं, सगळे त्या भावकीतले. बारावा शांताराम. तो बौद्धवाड्यातला; त्याला ना शेत, ना पाटाचं पाणी. पण मारलं होतं ते शाळेच्या घंटेच्या टोल्यानं. चिंचेच्या फांदीला रुळाचा एक तुकडा टांगलेला असे आणि तो वाजवायला एक लोखंडी दांडा होता. शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे सामानाच्या वहीत, त्याची नोंद होती: 'लोखंडी टोला, नग एक, ताब्यात: शिपाई.' खाली शांतारामची सही. फौजदारानं ती नोंद वाचली आणि त्याला वाटलं की आपण कट उघडकीस आणला.

"तो टोला तिथंच झाडाच्या बेचक्यात ठेवलेला असायचा, साहेब," अनुसयाबाई सांगत होती. "कोनबी उचलावा. पोरं त्यानं चिंचा पाडत्यात."

"पोरं चिंचा पाडतात याचा पुरावा खटल्यात द्यायचा," मामा म्हणाला. "आपण खटल्यापर्यंत जायचंच नाही. वस्तू एकाच्या ताब्यात असल्याची नोंद, आणि गुन्हा दुसऱ्याचा. नुसत्या नोंदीवर आरोप ठेवता येतो का? बाई, तुमच्या भावाचा पॉईंट फार सुंदर आहे."

तिला काय कळलं कोण जाणे. भावाबद्दल कोणीतरी चांगलं बोलतंय एवढं कळलं असावं. तिनं पदरानं डोळे पुसले.

डिस्चार्जचा अर्ज मी टाइप केला. बावीस पानं, चार प्रती. सेशन्स जज्जांनी तो दहा ओळींत फेटाळला. या गोष्टी खटल्याच्या वेळी पाहू, म्हणाले. मामा घरी आला तो शीळ घालत. त्याला हेच हवं होतं. आता वरच्या कोर्टात जाता येणार होतं, आणि वरच्या कोर्टात जिंकलेला पॉईंट रिपोर्टात, म्हणजे वकिलांच्या निकालांच्या मासिकात, छापून येतो. खालच्या कोर्टात जिंकलेला पॉईंट फक्त आरोपीच्या उपयोगाचा.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती मी बरीच वर्षं कोणाला सांगितली नव्हती. डिस्चार्जच्या अर्जाबरोबर शांतारामच्या जामिनाचाही अर्ज होता. अकरा जणांचा वकील दुसरा होता. गल्ल्यात पैसे, तोंडात पान, पॉईंटच्या भानगडीत न पडणारा. त्यानं धडपड करून त्या अकराही जणांना जामिनावर सोडवलं. शांतारामलाही जामीन मिळाला असता. पण मामानं एका सकाळी मला एक पुरशीस सांगितली. पुरशीस म्हणजे आपलं म्हणणं कोर्टाला लेखी कळवायचा कागद. तीन ओळींची होती: जामिनाचा अर्ज आम्ही चालवू इच्छित नाही.

मी मशीनवरचे हात उचलले. "मामा, चालवायचा का नाही?"

"आरोपी बाहेर असला की हायकोर्टात त्याचा नंबर पाच वर्षांनी लागतो. आत असला की लवकर घेतात. आणि आतल्या माणसाच्या पॉईंटला वजन असतं. जामिनावर मजेत फिरणाऱ्याच्या स्वातंत्र्याबद्दल काय बोलणार मी?"

मी ती पुरशीस टाइप केली. एकही चूक झाली नाही. मामा म्हणाला, "हात बसला हं तुझा आता."

त्याचं 'लवकर' म्हणजे दोन द्राक्षहंगाम. सगळे कागद हायकोर्टात मागवले गेले, त्यामुळे इथला खटला थांबला. अकरा जण बाहेर बागा छाटत होते. बारावा आत. अनुसयाबाई मंगळवारी तुरुंगात मुलाखतीला जाई आणि गुरुवारी आमच्याकडे येई. व्हरांड्याच्या दुसऱ्या पायरीवर बसे, पहिल्या पायरीवर कधी नाही. मी चहा नेला की कप घेऊन आधी विचारी, "ह्यो कप धुऊन ठेवू का ताई, का तसाच?" मी तसाच म्हणे. नंतर एकदा मामी तो कप वेगळा ठेवताना मला दिसली. द्राक्षांसारखाच कपांचाही तिचा नियम होता. तो मला इतका उशिरा कळला याची लाज वाटते.

"काय म्हणतो शांताराम?" मी विचारी.

"घंटेचं इचारतो. आता कोन वाजवतं म्हनं. मधल्या सुट्टीची घंटा त्यो पाच मिन्टं लवकर द्यायचा, पोरांसाठी. नवा शिपाई देतो का, इचार म्हनला. आता मी कोनाला इचारू?"

शाळेच्या संस्थेनं त्याला निलंबित केलं होतं, काढून टाकलं नव्हतं. अनुसयाबाईचा सगळा जीव त्यात होता. सुटला की सात दिवसांत हजर व्हायचं, नोकरी शाबूत. तसा कागदच होता तिच्याकडे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला. अध्यक्षांच्या कोणा भाच्याला तात्पुरतं लावलं होतं. "तात्पुरतंच हाय ते," ती दर गुरुवारी सांगे. मला नव्हे, स्वतःलाच.

एप्रिलच्या शेवटी हायकोर्टाचा निकाल लागला. मुंबईहून ट्रंक कॉल आला तेव्हा मामा दाढी करत होता. एका गालावर फेस तसाच ठेवून तो "फोर्थविथ? फोर्थविथ म्हणाले?" असं ओरडत होता, कारण लाइन नीट नव्हती. अर्जदाराला ताबडतोब मोकळं करावं, असं कोर्टानं म्हटलं होतं. नुसत्या नोंदीवर आरोप ठेवता येत नाही. मामाचा पॉईंट शब्दशः मान्य. मामीनं पेढे आणवले. गुरुवारी अनुसयाबाई आली तेव्हा तिलाही पायरीवर पेढा मिळाला, आणि मामी म्हणाली, "सुटला हो तुझा भाऊ." बाई पेढा अर्धा खाऊन, अर्धा पदरात बांधून थेट तुरुंगाच्या दारात गेली. तिथे सांगितलं, कागद आला नाही. तिला त्याचं विशेष वाटलं नाही. दोन वर्षांत कुठलाच कागद वेळेवर आला नव्हता.

कागद म्हणजे काय, हे सांगायला हवं. हायकोर्टानं सोडा म्हटलं म्हणून तुरुंगाचं दार उघडत नाही. शिक्क्याची नक्कल खालच्या कोर्टात हजर करायची, ते कोर्ट तुरुंगाच्या नावानं हुकूम काढतं, मग दार उघडतं. हायकोर्टही आपल्या बाजूनं टपालानं कळवतं. पण उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि ते टपाल कुठल्याशा टेबलावर गठ्ठ्यात पडलं होतं. मुंबईच्या वकिलांनी शिक्क्याची नक्कल आठवड्याच्या आत एका माणसाबरोबर आमच्या घरी पोचवली. अकरा पानं, हिरवी दोरी, जांभळा शिक्का. मामानं ती जेवायच्या आधी एकदा वाचली, जेवणानंतर दोनदा. तिसऱ्या वेळी लाल पेन्सिल घेऊन. आपल्या युक्तिवादातली वाक्यं जिथे जिथे निकालात उतरली होती, तिथे त्यानं रेघा मारल्या. मग मला चार प्रती टाइप करायला सांगितल्या, मित्रांना द्यायला, आणि त्या झाल्यावर म्हणाला, "ही मूळ नक्कल रजिस्टरनं रिपोर्टच्या संपादकांना पाठव. शिक्क्याची असल्याशिवाय ते छापत नाहीत. जूनच्या अंकात यायला हवी."

"कोर्टात नको द्यायला?"

"कोर्टाला कोर्टाकडून जाईल. वाणींना विचार."

वाणी म्हणजे मामाचे कारकून. कोर्टातल्या कुठल्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते हे माहीत असलेला तो एकटाच माणूस. ते पुतणीच्या लग्नाला सटाण्याला गेले होते. मला पोस्ट बंद व्हायच्या आत पोचायचं होतं, आणि तिथून मैत्रिणीबरोबर सिनेमाला. मी पाकिटावर पत्ता टाइप केला, तिकिटं लावली, पावती घेतली. सिनेमा कुठला होता ते आठवत नाही. पावतीचा रंग आठवतो.

वाणी परत आले तेव्हा त्यांनी गृहीत धरलं की निकाल भाऊसाहेबांनी स्वतः पाहिला म्हणजे पुढचंही केलं असेल. मामानं गृहीत धरलं की असली कामं वाणी करतात. मी गृहीत धरलं की दोघांपैकी कोणाला तरी कळतं. तुरुंगात शांताराम काय गृहीत धरत होता, ते मी पुढे त्याला विचारलं नाही.

मे महिन्यात एका रविवारी मामाच्या सत्काराचं जेवण झालं. वकील मंडळी घरीच जमली. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. गॅलरीत सतरंज्या, आणि हार ठेवलेलं टेबल. जेवणाआधी भाषणं. एका ज्येष्ठ वकिलांनी शाल घातली. मे महिन्यात, नाशिकच्या उन्हात, लोकरीची. ती अंगावर ठेवूनच मामा उत्तराला उभा राहिला, घाम गळत होता तरी. मी दारात पुऱ्यांची परात घेऊन उभी होते.

"मित्रहो, नागरिकाचं स्वातंत्र्य," मामा म्हणाला, "ही काही सरकारनं दिलेली भीक नाही. त्याचा एक एक क्षण पवित्र आहे. एक क्षण जरी अन्यायानं हिरावला गेला, तरी कायद्यानं कासावीस झालं पाहिजे."

टाळ्या पडल्या. त्या आवाजात मागच्या दाराची कडी वाजली. अनुसयाबाई होती. रविवारी ती कधी येत नसे. पेढ्यानंतर गुरुवारीही आली नव्हती; रोज तुरुंगाच्या दारात जात होती. ती मागच्या दारानं आली होती, कारण पुढे चपलांचा ढीग होता.

"ताई, एक इचारायचं व्हतं. पेढा खाल्ला त्याला आज अठरा दिवस झाले."

मला आधी कळलंच नाही.

"तुरुंगातला शिपाई म्हनतो, सुटल्याचं सांगतीस रोज, आन कागुद तर नाय. खोटं बोलतीस व्हय म्हनं. मी खोटं बोलते का ताई? पेढा तर दिला व्हता मला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सात दिवसांत हजर व्हायचं व्हतं त्याला."

तेव्हा मला ती अकरा पानं दिसली. हिरवी दोरी, जांभळा शिक्का, आणि मी लावलेली तिकिटं. हातातली परात मी ओट्यावर ठेवली आणि तशीच गॅलरीत गेले. मामा अजून बोलत होता. मी जवळ जाऊन म्हटलं, "मामा, शांताराम अजून आत आहे." त्यानं माझ्याकडे न पाहता एक हात वर केला. थांब, असा. थांबले. तो न्यायदेवतेवर होता; तिच्या डोळ्यांवरची पट्टी, हातातला तराजू, हे सगळं संपायला चार-पाच मिनिटं लागली. मग टाळ्या. मग मी पुन्हा सांगितलं. शाल तशीच होती. त्याचा चेहरा एका क्षणात उतरला, हे मला सांगितलं पाहिजे. तो दुष्ट माणूस नव्हता. पण पुढच्याच क्षणी त्यानं आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना ते.

"आज रविवार आहे," तो हळूच म्हणाला. "उद्या बघू. पंगत बसू दे आता."

पंगत बसली. मी वाढलं. कसं वाढलं विचाराल तर नीट वाढलं. कोणाच्या पानात श्रीखंड कमी पडलं नाही. मामीनं मागच्या दारी अनुसयाबाईला द्रोणात श्रीखंड दिलं. ते तिनं घेतलं नाही. "भाऊ आला की खाईन, माईसाहेब," म्हणाली. मामीला राग आला. अन्नाला नाही म्हणू नये, असं ती संध्याकाळपर्यंत बोलत होती.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं वाणी मुंबईला गेले. संपादकांनी नक्कल छापखान्यात दिली होती. अक्षरं जुळवणारा जुळारी अर्ध्यावर आला होता. मंगळवारी वाणींनी ती परत आणली तेव्हा तिसऱ्या पानावर शाईच्या अंगठ्याचा डाग होता आणि सगळीकडे मामाच्या लाल रेघा. सुट्टीतल्या जज्जांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, खुणा केलेली नक्कल मला चालणार नाही. वाणींनी त्यांच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा न्यायाधीशांशी वाद घातला असेल. उपयोग झाला नाही. मग टपालाचा तो गठ्ठा शोधायला लावला, त्यात हायकोर्टाचा कागद सापडला, आणि गुरुवारी संध्याकाळी शांताराम बाहेर आला. पेढ्यापासून बाविसाव्या दिवशी.

दोन दिवसांनी बहीणभाऊ घरी आले. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. तोपर्यंत तो माझ्यासाठी 'अर्जदार' होता. बारीक अंगाचा, नीट भांग पाडलेला, पंचविशीचा मुलगा. बहिणीनं त्याला पढवलं असावं; तो मामाच्या पाया पडला. रिकाम्या हातानं यायचं नाही म्हणून तिनं पळसाच्या पानात करवंदं आणली होती. द्राक्षांचा हंगाम केव्हाच संपला होता. मामानं त्याला निकालाची टाइप केलेली प्रत दिली, वर सही करून, शुभेच्छांसह. "जपून ठेव. तुझं नाव कायद्याच्या पुस्तकात जाणार आहे."

शांतारामनं ती दोन्ही हातांनी घेतली आणि माझ्याकडे वळला. "ताई, यात मी कुठं व्हतो ते लिवलंय का?"

"म्हणजे?"

"काल शाळंत गेलो व्हतो. हेडसर म्हनले, तू तर एप्रिलातच सुटला. हुकमावर तारीख हाय. मंग इतके दिवस व्हता कुठं? सात दिवस कवाच उलटले. मी म्हनलं, आतच व्हतो. ते म्हनले, कोर्टानं सोडल्यावर आत कोन ठेवील? तसा दाखला आन."

असा दाखला कोण देणार? तुरुंगानं द्यायचा तर सुटलेला माणूस ठेवून घेतला असं लिहावं लागेल. कोर्टानं द्यायचा तर टपाल फोडलं नाही असं लिहावं लागेल. राहता राहिला मामा. त्याच्या लेटरहेडवर चार ओळी पुरेशा होत्या: नक्कल माझ्याकडे आली होती, ती मी कोर्टात हजर केली नाही, या दिवसांत हा मनुष्य तुरुंगातच होता. मी मशीनवर कागद चढवला. सांगा, म्हटलं.

मामा उठून येरझाऱ्या घालायला लागला. हात पाठीशी. डोळे मिटले. मला वाटलं, सांगतोय.

"हायकोर्टाचा हुकूम झाल्यावरची कैद," तो म्हणाला. "कशाखाली? कुठल्याच कलमाखाली नाही. मग त्या मुदतीत हा माणूस कायद्याच्या दृष्टीनं कुठे होता? आणि मोकळा असूनही कामावर गैरहजर, असं संस्थेला म्हणता येतं का? कुंदे, यावर एकही निकाल नाही. एकही नाही. आपण रिट करू. नवा कागद लाव." त्यानं डोळे उघडले, आणि ते खरोखर चमकत होते. "शांताराम, तुझा हा पॉईंट पहिल्यापेक्षा सुंदर आहे."

शांतारामनं हातातली प्रत नीट घडी करून टेबलावर ठेवली, अगदी हळू, एखादी फुटण्यासारखी वस्तू ठेवावी तशी.

"नगं साहेब," तो म्हणाला. "आता पॉईंट नगं."

बहीणभाऊ गेले. करवंदं कुठे ठेवायची ते मामीला ठरवता येईना. माणूस जिंकला की हरला, तेच कळत नव्हतं. तिनं ती खिडकीत ठेवली आणि तिथेच ती सुरकुतून गेली.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, मामा आंघोळीला गेला असताना मी स्वतःच्या नावानं एक पत्र हातानं लिहिलं. मराठीत. निकालाची शिक्क्याची नक्कल मी स्वतः पोस्टात टाकली, ही पावती, त्यामुळे शांताराम बावीस दिवस जास्त आत राहिला, त्याचा दोष नाही. पावती जोडली आणि अनुसयाबाईच्या घरी जाऊन दिलं. तिनं ते शाळेत नेलं. संस्थेच्या कारकुनानं विचारलं, ही कोण? वकील आहे का? टायपिस्ट, म्हटल्यावर त्यानं कोपऱ्यात 'दाखल' असं लिहिलं आणि फायलीत लावलं. भाचा कायम झाला. पुढे अनुसयाबाईकडून कळलं की शांतारामला एका कारखान्यावर रखवालदाराची नोकरी लागत होती, ती त्यानं सोडली. किल्ल्या ताब्यात घेतल्याची सही करायला सांगितली होती. कुठलीही वस्तू ताब्यात घेतल्याची सही करायला तो तयार नव्हता. शेवटी कांद्याच्या खळ्यावर हमालीला लागला. तिथे सही लागत नसे.

इथे वाचकांची अशी अपेक्षा असेल की मी त्या मशीनवरून उठले आणि पुन्हा बसले नाही. मी आणखी दीड वर्ष टाइप केलं. बँकेत नोकरी लागली तेव्हा उठले, आणि त्या नोकरीच्या अर्जासोबत मामाचंच शिफारसपत्र होतं. मीही घरातली एकटी कमावती असल्याचं त्यात लिहिलं होतं.

मागच्या वर्षी मामाच्या नातवाकडे गेले होते. तोही वकील आहे, मुंबईला असतो, इथे नाशिकला कॉलेज रोडवर फ्लॅट ठेवलाय. त्याच्या बायकोनं द्राक्षांची बशी पुढे केली. ही कोणत्या कलमाची, असं मी विचारलं. कोणाला काही कळलं नाही. नातू मोबाइल घेऊन माझ्याशेजारी बसला. "कुंदाआत्या, आजोबांची केस अजून कोर्टात दाखला म्हणून सांगतात, माहितेय? गेल्या महिन्यात मीच सांगितली. हे बघ." आणि त्यानं ती अकरा पानं उघडून दाखवली.

"त्याचं काय झालं?" मी विचारलं.

"कोणाचं?"

"ज्याची केस होती त्याचं."

त्यानं बोटानं मजकूर वर सरकवत सरकवत शेवटाला नेला. "सुटला की. फोर्थविथ."

"कधी?"

"निकालाच्याच दिवशी. हे काय, लिहिलंय." आणि मला दिसावं म्हणून त्यानं ती ओळ दोन बोटांनी मोठी केली.

माझ्याजवळ चष्मा नव्हता, पण ती ओळ मी एकदा चार प्रतींत टाइप केली होती.

"हो," मी म्हटलं. "लिहिलंय खरं."